रोजच्या धावपळीतला आनंद आणि देवावरचा भरवसा: कॅथलिक घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की चर्चच्या आवारात जे बोलणं होतं, किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुलांना न्यायला आलेले आईबाबा जरा थांबून जे विचारतात, त्यातून जमलेले हे प्रश्न आहेत. बहुतेक वसई-विरार आणि मुंबईकडचे. मी काही सिस्टर नाही की ईशज्ञान शिकलेली नाही, वर्ग घेणारी प्रापंचिक बाई आहे, त्यामुळे उत्तरं पण घरगुतीच आहेत. अवघड शंका असेल तर सरळ फादरांना गाठा.

आनंदी राहा म्हणजे सतत हसत राहायचं का? मला ते जमत नाही.

नाही हो, कुणालाच जमत नाही. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वाक्य आपण नाताळाच्या कार्डांवर छापतो पण प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना (फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना) बायबलमधलं ते पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, पुढे सुटका होणार की मरण येणार हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याच पत्रात तिसऱ्या अध्यायात तो सांगतो की हे मी रडत रडत लिहितोय. म्हणजे एकाच पत्रात रडणंही आहे आणि आनंद करा हेही आहे, आणि पौलाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलेलं दिसत नाही.

अजून एक बघा. रोजरीची म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची आनंदाची रहस्ये (येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग), सोमवारी आणि शनिवारी म्हणतो ती. पहिल्या रहस्यात एका कुमारिकेला अशी बातमी मिळते की ती घाबरून जाते, लग्न मोडायची वेळ येते. तिसऱ्यात बाळंतपण परक्या गावात, जागा नाही म्हणून बाळ गव्हाणीत. चौथ्यात देवळात बाळाला घेऊन गेले तर म्हातारा शिमोन मरियेला सांगतो की तुझ्या काळजातून तलवार जाईल. पाचव्यात तर पोरगा तीन दिवस हरवलाय! ज्यांचं मूल जत्रेत पाच मिनिटं जरी दिसेनासं झालं असेल त्यांना विचारा तो कसला आनंद. तरी ख्रिस्तसभा (कॅथलिक चर्च) या पाचांना आनंदाची म्हणते, कारण प्रत्येक ठिकाणी देव तिथेच आहे, टेन्शनच्या मधोमध. मला तरी कॅथलिक आनंदाची याहून चांगली व्याख्या कुठे सापडली नाही.

देवावर भरवसा आहे मग इन्शुरन्स, सेव्हिंग, डॉक्टर हे सगळं कशाला? तो विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही का?

हा प्रश्न तरुण मुलं वादासाठी विचारतात आणि काही मोठी माणसं खरोखर मनापासून. "आकाशातील पाखरांकडे पाहा" हे येशूने सांगितलं, बरोबर, पण पाखरं कधी घरट्यात बसून राहिलेली पाहिलीत का, पहाटेपासून त्यांची वणवण चालू असते. येशू सांगतो काळजी करू नका, काम करू नका असं तो म्हणत नाही. आणि संत योसेफाला घ्या, स्वप्नात दूताने सांगितलं बाळाला घेऊन इजिप्तला पळ, तर हा माणूस "देव बघून घेईल" म्हणून कूस बदलून झोपला नाही, त्याच रात्री उठला आणि निघाला. अख्ख्या शुभवर्तमानात त्याचं एकही वाक्य नाही. नुसतं उठणं आणि करणं.

ख्रिस्तसभेची शिकवण तर इथे दोन्ही बाजूंनी सावध करते. आशेच्या विरुद्ध दोन पापं सांगितलीत, एक निराशा आणि दुसरं फाजील खात्री, म्हणजे आपण काहीच न करता देवाने सगळं करावं असं गृहीत धरणं. सैतानाने येशूला मंदिराच्या कळसावर नेऊन उडी मार म्हटलं तेव्हा येशूने काय उत्तर दिलं ते आठवा, देवाची परीक्षा पाहू नको. तर हेल्मेट घाला, पॉलिसीचा हप्ता भरा, शुगर तपासा. भरवशाची गरज लागते ती हे सगळं करून झाल्यावर, रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री.

माझ्यासाठी देवाचा प्लॅन काय आहे हे कळणार कसं? सगळे म्हणतात प्लॅन आहे, मला तर दिसत नाही.

वसईकरांना यासाठी लांब जायला नको. आपले संत गोन्सालो गार्सिया, ज्यांच्या नावाने गासला चर्च आहे, सोळाव्या शतकात इथेच वसईत जन्मले, आई इथलीच, वडील पोर्तुगीज. लहानपणापासून जेझुइटांकडे (येशूसंघाच्या फादरांकडे) शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, धर्मशिक्षक म्हणून काम केलं, मनात होतं की आपणही जेझुइट व्हावं. घेतलं नाही. मग काय, व्यापारी झाले, चांगला धंदा केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू (फादर नसलेले संन्यासी) म्हणून गेले आणि जपानी भाषा येत होती म्हणून पुन्हा जपानला पाठवले गेले, दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं त्यात ते होते. १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले, भारतात जन्मलेले पहिले संत.

आता विचार करा, ज्या दिवशी नकार मिळाला त्या दिवशी त्यांना "हा देवाचा प्लॅन आहे" असं कुणी सांगितलं असतं तर काय वाटलं असतं. आणि धंद्याच्या त्या वर्षांत तर आपण वाट चुकलो असंच वाटलं असणार (हे माझं, पुस्तकातलं नाही). प्लॅन नंतर मागे वळून दिसतो, तोही प्रत्येकाला दिसेलच असं नाही. म्हणून मी मुलांना सांगते की पुढच्या दहा वर्षांचं देवाला विचारू नका, आज समोर जे काम आलंय ते प्रामाणिकपणे करा. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" हे येशूचंच वाक्य आहे आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा फार प्रॅक्टिकल आहे.

निर्णय घ्यायचाच असेल, नोकरी सोडू का, लग्न मोडू का वगैरे, तर जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियसचा एक नियम लक्षात ठेवा: मन खचलेलं असतं, देव लांब गेल्यासारखा वाटतो, अशा दिवसांत आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. रात्री बारा वाजता राजीनाम्याचा ईमेल टाइप करणाऱ्यांनी हे फ्रिजवर चिकटवून ठेवावं.

नऊ बुधवार माहीमचा नोव्हेना केला, मागितलं ते मिळालं नाही. माझ्या विश्वासात कमी आहे का?

हे विचारताना माणसं खाली बघून विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नित्य साहाय्य मातेचा नोव्हेना चालतो, दिवसभर एकामागून एक, आणि सगळ्या धर्मांचे लोक येतात. तिथे आभाराची पत्रं वाचून दाखवतात, नोकरी मिळाली, मूल झालं, आजार बरा झाला. ऐकताना छान वाटतं, पण ज्याचं काम झालं नाही तो मागच्या बाकावर बसून ऐकत असतो आणि त्याला वाटतं की यादीत माझंच नाव नाही. तो फॉर्ममध्ये काय चुकलं ते शोधत बसतो, एक बुधवार चुकला होता का, मेणबत्ती लावायची राहिली का. कृपा करून हा हिशोब करू नका. नोव्हेना म्हणजे नऊ वेळा चिकाटीने देवासमोर उभं राहणं, त्याच्यामागे मुळात प्रेषित आणि मरिया येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्म्याची वाट बघत प्रार्थना करत राहिले ते आहे, त्यात अमुक वेळा म्हटलं की अमुक मिळेल असा करार कुठेही नाही.

आणि विश्वास कमी म्हणून नाही मिळालं असं म्हणायचं तर मग गेथशेमानी बागेत येशूने "हा प्याला माझ्यावरून टळून जावो" (म्हणजे समोर आलेलं मरण टळो) असं मागितलं, तो टळला नाही, त्याच्या विश्वासाचं काय म्हणणार? पौलानेही शरीरातला तो काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला.

तुमचं मागणं चूक होतं असं नाही. का नाही मिळालं हे मला माहीत नाही आणि जो कुणी तुम्हाला ठासून कारण सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. मागत राहा, आणि वाईट वाटतंय तेही त्यालाच सांगा.

देवावर चिडलं तर पाप लागतं का?

बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. १३ वं स्तोत्र सुरूच होतं "किती वेळ, परमेश्वरा?" या सुरात, आणि ८८ वं तर शेवटपर्यंत काळोखातच आहे, शेवटाला गोड ओळसुद्धा नाही. ही देवाविरुद्धची तक्रार ख्रिस्तसभा आजही प्रार्थना म्हणून म्हणते, फादर-सिस्टर लोकांच्या रोजच्या प्रार्थनेत ती आहे. चिडून बोलणं म्हणजे अजून बोलणं चालू आहे. अबोला जास्त वाईट. घरातही तसंच असतं ना.

नवस केला तर चालतो का? मोत माउलीला (बांद्र्याच्या माउंट मेरीला) मेणाचं घर वाहायचं कबूल केलंय.

केलाय तर फेडा, कबूल केलेलं पाळावं. बांद्र्याच्या जत्रेत, ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मदिनानंतर, मेणाचे हात, पाय, बाळ, घर सगळं विकायला असतं आणि ज्याला जे हवं किंवा जिथे दुखतं ते तो वाहतो. मला त्यात वाईट काही दिसत नाही, दुखणं हातात धरून डोंगर चढायचा ही एक प्रार्थनाच आहे, ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांच्यासाठी तर फारच चांगली. फक्त "तू घर दे मग मी मेणाचं घर देते" असा सौदा मनात नको. आणि मेण वाहून आल्यावर शेजारणीशी भांडण तसंच चालू असेल तर ते आधी मिटवा, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर हे तर येशूने स्पष्टच सांगितलंय.

"हा मेसेज अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत चमत्कार होईल." पाठवला नाही तर?

तर काही होणार नाही, अकरा जणांचा फोन शांत राहील. असले मेसेज संत युदाच्या फोटोसकट आले तरी ती अंधश्रद्धाच, शिकवणीत अंधश्रद्धेला पाप म्हटलंय. पत्रिका, हात बघणं, राशिभविष्य यालाही तोच नियम, "सहज गंमत म्हणून" वाचणाऱ्यांसकट.

प्रार्थनेला वेळच मिळत नाही. पहाटेची लोकल, संध्याकाळी उशीर, घरी आल्यावर स्वयंपाक.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते, आधी शिपाईगिरी केलेले, एक पाय दुखरा, आणि काम मिळालं मठाच्या स्वयंपाकघरात जे त्यांना मुळीच आवडत नव्हतं. या माणसाने भांडी-कढयांच्या आवाजात देवाशी बोलत राहायची सवय लावून घेतली, अगदी साधं बोलणं, आणि पुढे मोठमोठे लोक त्यांना भेटायला यायचे की हे कसं करता. तर तुमची भाकरी थापतानाची अर्धी मिनिटं पण मोजली जातात.

लोकलमध्ये रोजरी म्हणणाऱ्या कितीतरी बायका मी बघितल्यात, पर्समध्ये हात घालून मणी मोजत, ओठ हलत, आणि मध्येच "पुढे सरका जरा" असं ओरडून पुन्हा नमो मरिये चालू. पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग) वीसेक मिनिटांत होतात. बोरिवलीपर्यंत रोजरी आणि पुढे मोबाइल, असं केलं तरी चालेल.

आणि दिवसाच्या शेवटी इग्नेशियसचं आत्मपरीक्षण, हे मी सगळ्यांना सांगते कारण यातून आनंद सापडायला खरंच मदत होते. आधी आभार माना, मग प्रकाश मागा, म्हणजे दिवस नीट दिसू दे, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्या, कुठे बरं वाटलं, कुठे मन कडू झालं, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्यासाठी एक छोटं मागणं. दहा मिनिटं. आभारापासून सुरुवात आहे हे महत्त्वाचं, आपण उलटं करतो, गादीवर पडलं की पहिल्यांदा बॉस आठवतो. आभार पण नेमके पाहिजेत, "सगळ्याबद्दल धन्यवाद" असं घाऊक नको, आज सीट मिळाली, मोगऱ्याला बरा भाव आला, पोराने न सांगता अभ्यास केला, असं.

ऑफिसमधली एक बाई/सासू/शेजारी असा आहे की आनंद टिकूच देत नाही. काय करू?

लिझ्यूची संत तेरेजा, आपली लिटल फ्लॉवर, कॉन्व्हेंटमध्ये होती म्हणजे फार शांततेत होती असं वाटतं लोकांना. तिने लिहून ठेवलंय की ध्यानाच्या वेळी मागे एक सिस्टर बसायची आणि सतत काहीतरी बारीक आवाज करायची, तेरेजाला घाम फुटायचा इतका राग यायचा. मागे वळून रागाने बघावं असं वाटायचं, पण शेवटी तिने तो आवाज न ऐकण्याची धडपड सोडली आणि तोच आवाज लक्ष देऊन ऐकायला लागली, देवाला एखादी मैफल अर्पण करावी तसा. कपडे धुताना समोरची सिस्टर घाणेरडं पाणी तोंडावर उडवायची, तेही तिने असंच घेतलं. २४ व्या वर्षी क्षयाने गेली ही मुलगी, १८९७ मध्ये, आणि शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिता (श्रद्धेची थोर शिक्षिका) ही पदवी दिली. मोठी तत्त्वज्ञानाची पुस्तकं तिने लिहिली नाहीत, अशा बारीकसारीक गोष्टीच सांगितल्या.

पण नीट ऐका, हे कटकट करणाऱ्यांसाठी आहे. कुणी मारत असेल, पैसे काढून घेत असेल, छळत असेल तर ते सहन करणं म्हणजे क्रूस उचलणं असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर ऐकू नका. घरातून बाहेर पडा, माहेरी सांगा, फादरांना सांगा, पोलिसांत जा.

कित्येक महिने काहीच चांगलं वाटत नाही. प्रार्थना करूनही. झोप नाही, जेवण नको वाटतं.

डॉक्टरकडे जा. या आठवड्यात. प्रार्थना चालू ठेवा पण डॉक्टरकडे जा. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये सिराकचं पुस्तक आहे, त्याच्या ३८ व्या अध्यायात लिहिलंय की वैद्याचा मान ठेवा, त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केलं आणि औषधंही त्यानेच जमिनीतून दिली. डिप्रेशन हा आजार आहे, विश्वासाची परीक्षा नापास झाल्याचा शिक्का नाही. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ताच कुणाला तरी जवळच्याला सांगा आणि सरकारची टेली मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

आणि मन कोरडं पडणं हे संतांनाही चुकलं नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाचं अस्तित्व जाणवतच नव्हतं. तरी रोज पहाटे चॅपेल आणि मग रस्त्यावर. त्यांना २०१६ मध्ये संत घोषित केलं, ती पत्रं सगळ्यांना माहीत असताना.

कॅथलिक म्हणजे सारखं पाप, पश्चात्ताप, उपवास. यात आनंद कुठे?

पोप फ्रान्सिसनी २०१३ मध्येच लिहिलं होतं की काही ख्रिस्ती माणसं इस्टरशिवाय नुसत्या उपवासकाळात (इस्टरआधीच्या पश्चात्तापाच्या दिवसांत) जगल्यासारखी दिसतात. आपल्या प्रत्येक चर्चमध्ये दोन-तीन आहेत, नावं घेत नाही.

खरं तर ख्रिस्तसभेचं कॅलेंडर फार रसिक आहे. आगमन काळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) तिसरा रविवार गुलाबी, म्हणजे फादरांचा झगा गुलाबी, उपवासकाळात चौथा रविवार गुलाबी, दोन्ही रविवारांच्या नावातच लॅटिनमध्ये आनंद करा असा आदेश आहे. उपवासकाळातले रविवार उपवासाचे धरतच नाहीत. शुक्रवार हा मांस टाळायचा दिवस, पण त्या दिवशी मोठा सण आला, समजा नाताळ, तर मटण वर्ज्य नाही, तसा कायदाच आहे. काना गावच्या लग्नात येशूने केलेला द्राक्षारस मोजा, दोन-तीन मण मावणारे सहा रांजण, काठोकाठ. हिशोबाला पाचशे लिटरच्या आसपास तरी जातो, तेही पाहुणे आधीच भरपूर प्यालेले असताना. (हे वाचून कुणी मांडवात पिऊन गोंधळ घालू नये, त्या शुभवर्तमानात तसं काही नाही.) सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी अर्धी दाढी काढून रस्त्याने फिरायचे, लोकांनी आपल्याला फार मोठा संत समजू नये म्हणून. आणि आपल्याकडे मे महिन्यात क्रूसाजवळ रोजरी झाली की उकडलेले चणे वाटतात, पोरं चण्यांसाठी येतात आणि रोजरी पाठ होऊन जाते, माझी तरी तशीच झाली.

मुलगा मोठा झाला, चर्चला येत नाही. माझा आनंदच गेला.

संत मोनिका. मुलगा ऑगस्टीन, हुशार, बाईच्या नादाला लागलेला, वेगळ्याच पंथात गेलेला, आईला फसवून रात्रीतून जहाजाने रोमला पळून गेलेला. ती वर्षानुवर्षं रडली, प्रार्थना केली, मागोमाग इटलीला गेली. शेवटी तोही संतच झाला, तिचा सण २७ ऑगस्टला आणि त्याचा दुसऱ्याच दिवशी. तिचंही डोकं खाणं बंद नव्हतं, तेव्हा एका बिशपने तिला सांगितलं होतं की त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्यासाठी प्रार्थना कर. तर रविवारी सकाळी दार वाजवून भांडू नका. त्याच्या आवडीचं जेवण करा, त्याच्याशी बोला, आणि जपमाळ तुमच्या खोलीत.

मिस्सामध्ये लक्ष लागत नाही, प्रवचन कंटाळवाणं असतं.

असतं कधीकधी. वाचनं आदल्या रात्री घरी वाचून जा, फरक पडतो. पुढच्या बाकावर बसा. आणि ख्रिस्तप्रसाद प्रवचनावर अवलंबून नाही.

रात्री रोजरी म्हणता म्हणता झोप लागते, अर्धी राहते. दोष लागतो का?

नाही. लिटल फ्लॉवरलाही प्रार्थनेत झोप लागायची आणि तिचं म्हणणं होतं की लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच आवडतात. आमच्या आजीच्या मते राहिलेली दशकं रक्षक दूत पूर्ण करतात, हे कुठल्या पुस्तकात नाही पण मी तिच्याशी वाद घातला नाही. मात्र रोज दुसऱ्याच दशकाला डोळा लागत असेल तर रोजरी जेवणाच्या आधी घ्या, सगळे जागे असतात आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत कुणी उठत पण नाही.